दोन वाजताची नाडी

मागील महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी बंधूंनी आम्हांस हटकले. "नर्सबाई, जरा काम होतं," असे म्हणून त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेली एक शंभर पानी वही बाहेर काढली. त्यांची थोरली कन्या शहरातील नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली होती ती जाताना वही विसरून गेली, आणि बापाने ती उघडून वाचली. (वाचावी की वाचू नये हा प्रश्न निराळा, बापांना तो सहसा सुचत नाही.)

"औषधांची नावं असतील म्हणून उघडली," ते म्हणाले, "तर हे भलतंच! आज मला भीती वाटली, आज मला लाज वाटली, आज माझं चुकलं, असंच सगळं. आणि प्रत्येक पानाखाली मास्तरीणबाईंची सही. ही नर्सिंगची शाळा का कुमसार? आणि कुमसार म्हणावं, तर फादर काही सही करून ठेवत नाहीत. उद्या हीच वही कुणी पोरीवर उलटवली तर? तुम्ही सांगा, हिनं खरं लिहावं का नको?"

"लिहू द्या तिला. खरं तेच लिहावं," असे आम्ही चटकन सांगून टाकले व छत्री उघडून घरचा रस्ता धरला. पण घर येईपर्यंत आमच्या मनाची चुळबूळ थांबेना. कारण ते उत्तर फार स्वस्त होते. चाळीस वर्षे रुग्णसेवेत आणि त्यांपैकी निम्मी मुलींना शिकविण्यात घालविल्यावर इतके स्वस्त उत्तर देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. आमच्या या सीमाभागातील धर्मग्रामांतून कित्येक घरच्या मुली आज बेळगाव, गोवे, मुंबई अशा ठिकाणी परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत. तेव्हा त्या बंधूंस द्यावयाचे खरे उत्तर सर्वांसमोरच द्यावे, असे ठरवून हे लिहीत आहोत.

प्रथम ही वही म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कॉलेजात तिला 'रिफ्लेक्टिव्ह डायरी' म्हणतात. आम्ही आपल्या सोयीसाठी तिला मननवही म्हणतो. वॉर्डात दिवसभर काम केल्यावर विद्यार्थिनीने एखादा प्रसंग निवडावयाचा, तो जसा घडला तसा लिहावयाचा, आणि मग त्याच्याकडे पुन्हा वळून पाहावयाचे. १९८८ साली इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथील ग्रॅहम गिब्स नामक शिक्षकांनी यासाठी सहा प्रश्नांचे एक चक्र आखून दिले, तेच आज जगभर परिचारिकांच्या शाळांतून चालते. काय घडले? त्या वेळी मनात काय आले? त्यात बरे काय होते, वाईट काय होते? असे का घडले? आणखी काय करता आले असते? आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय करशील? प्रश्न पाहावे तर साधे. आजीबाई नातवाला विचारतील असे.

त्याच्या पाच वर्षे आधी, १९८३ साली, अमेरिकेतील डोनाल्ड शॉन या विद्वानांनी एक ग्रंथ लिहून असे मांडले होते की, कसबी माणसाचे ज्ञान पुस्तकातून उतरवून हाताला चिकटविलेले नसते. काम करता करता त्याचा विचार चालू असतो, आणि काम संपल्यावरही तो त्यावर विचार करतो. या दोन विचारांनीच कसब वाढते. पुस्तकी विद्या उंच टणक जमिनीवर चालते, पण माणसांची खरी दुखणी खाली दलदलीत असतात, असा त्यांचा दृष्टान्त आहे. आपल्या खानापूर तालुक्यातील भातशेती करणाऱ्यांस तो अधिक फोडून सांगण्याचे कारण नाही. शेतकीचे पुस्तक बांधावर उभे राहून वाचता येते. रोप लावावयास चिखलातच उतरावे लागते, आणि रोप कलले की ते का कलले हे पायाच्या बोटांना आधी कळते.

परंतु आम्हां कॅथलिकांना ही गोष्ट नवी वाटण्याचे खरोखर काही कारण नाही. १५२१ साली पांपलोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने पाय मोडून घरी अंथरुणाला खिळलेला इग्नाशियस हा तरुण शिलेदार काय करीत होता? मनात शौर्याची व दरबारी मानमरातबाची स्वप्ने आली की ती तेवढ्यापुरती गोड लागतात व मागाहून मन कोरडे ठेवतात. प्रभूचे आणि संतांचे चरित्र वाचून जे विचार येतात, ते ओसरल्यावरही शांती मागे राहते. एवढा भेद त्याने अंथरुणात पडल्या पडल्या टिपला, आणि त्यातूनच पुढे 'आध्यात्मिक साधना' हा लहानसा ग्रंथ सिद्ध झाला. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली. त्या ग्रंथात विवेकपरीक्षणाची जी रीत आहे ती वाचून आम्हांस पहिल्यांदा हसू आले होते. एखादा विशिष्ट दोष घालवावयाचा असेल, तर आठवड्यातील प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखाव्या, आणि दुपारी व रात्री जेवणानंतर, जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यावेत! संतांनी इतका वाण्याचा हिशेब ठेवावा? पण पुढे वॉर्डात तापाचे आणि नाडीचे तक्ते भरू लागलो, तेव्हा ते ठिपके आम्हांस ओळखीचे वाटू लागले. दुखणे चढते आहे की उतरते आहे, हे ठिपके जोडल्यावाचून कळत नाही.

रुग्णसेवेच्या इतिहासातही हे मिळते. संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईस द मारियाक यांनी १६३३ साली फ्रान्समध्ये सेवाभगिनींचा जो संघ स्थापिला, त्यातील पहिल्या मुली तुमच्याआमच्या घरच्यासारख्या खेड्यातल्याच होत्या. त्यांपैकी मार्गरीट नासो ही तर गुरे राखता राखता स्वतःच वाचावयास शिकलेली. संत व्हिन्सेंट या मुलींसमोर नुसता उपदेश झोडीत नसत. ते एकेकीला उभे करून, "या बाबतीत तुला काय सुचले ते सांग," असे विचारीत, आणि त्या गावंढळ मुली बोलत ते कोणीतरी लिहून घेई. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनला सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तेव्हा तेथील शिकाऊ मुलींनीही रोजनिशी ठेवावयाची असे. नाइटिंगेलबाई प्रॉटेस्टंट, पण क्रिमियाच्या युद्धात त्यांच्या खांद्याला खांदा लावून राबणाऱ्या बर्मंडसी मठाच्या मदर मेरी क्लेअर मूर या त्यांच्या जन्माच्या मैत्रीण झाल्या. या दोघींच्या स्नेहावर कधीतरी स्वतंत्र लिहिले पाहिजे. असो.

तथापि रोजनिशी जुनी आहे, पवित्र परंपरेतली आहे, एवढे म्हटल्याने त्या शेतकरी बंधूंचा प्रश्न सुटत नाही. ते विचारीत होते की खरे लिहिल्यावर काय होते. त्यासाठी आम्हांस आमच्याच गोष्टीकडे वळणे भाग आहे. आमच्या शिष्यांपैकी काहींना ती माहीत आहे. आमच्या धर्मग्रामात ती आज प्रथमच सांगत आहोत.

१९७४ साल. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो आणि स्त्रियांच्या वॉर्डात रात्रपाळीला होतो. पाळीवर एक स्टाफ नर्स आणि एक विद्यार्थिनी, आणि स्टाफ नर्सला शेजारचा वॉर्डही सांभाळावयाचा. त्या दिवशी संध्याकाळी एका आजींचे पोटाचे ऑपरेशन झाले होते. इथूनच चार कोसांवरच्या गावच्या, मराठा समाजातील, हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. ऑपरेशनच्या वेळी त्या काढण्यावरून केवढा तंटा! त्यांची नाडी व रक्तदाब दर अर्ध्या तासाने पाहून तक्त्यावर मांडण्याचा हुकूम होता. एक वाजता नाडी ८० होती. दीड वाजता ८४. पावणेदोनच्या सुमारास कोपऱ्यातल्या खाटेवरील बाईला उलट्या सुरू झाल्या. तिची चादर, तिचे कपडे, खाली जमीन. ते आवरता आवरता दोन वाजून गेले. मग टेबलाशी येऊन बसलो. पाय इतके दुखत होते की आजींच्या खाटेपर्यंतची वीस पावले वीस कोस वाटली. आजी निजलेल्या दिसत होत्या. दीडला ८४ होती. आता काय निराळी असणार? आम्ही लेखणी उचलली आणि दोनच्या घरात ८४ लिहिले.

आमच्या व्यवसायात एक म्हण आहे की, जे लिहिले नाही ते केलेच नाही. तिचा उलटा अर्थ कोणी शिकवीत नाही. लिहिले म्हणजे केले, असे वाचणारा धरून चालतो. त्या एका आकड्याने जगाला सांगितले की दोन वाजता एक माणूस या खाटेपाशी गेला होता, त्याने मनगट हाती धरले होते आणि सर्व ठीक होते.

अडीच वाजता गेलो. मनगटाला हात लावला तो थंडगार, ओला. नाडी सुतासारखी बारीक आणि १२८. पांघरूण दूर केले तर पट्टी रक्ताने भिजून खालची चादर लाल झाली होती. आम्ही ओरडलो असू. स्टाफ नर्स धावत आली, डॉक्टरांना उठविले, आजींच्या मुलाचे रक्त घेतले आणि साडेतीनला आजी पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत. तिथे दाराशी उभ्या असलेल्या सिस्टर सुपरिंटेंडेंटनी तक्ता हाती घेऊन विचारले, "दोन वाजता नाडी किती होती?"

तक्ता त्यांच्या हातात होता. त्यांना फक्त दुजोरा हवा होता. आम्ही म्हणालो, "चौऱ्यांशी, सिस्टर."

आजी वाचल्या. अठरा दिवसांनी चालत घरी गेल्या. जाताना लेकाकडून नव्या भाताच्या पोह्यांची गाठोडी मागवून त्यांनी आमच्या हातात दिली आणि तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "पोरी, तू बघितलंस म्हणून वाचले गे." स्टाफ नर्सनेही तेच सांगितले होते, सिस्टरांनीही प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलींसमोर तेच सांगितले, आणि दक्षतेचे बक्षीस म्हणून एक पांढऱ्या मण्यांची जपमाळ आम्हांस दिली. ती आम्ही कधी वापरली नाही. पोहे मात्र मैत्रिणींनी खाल्ले.

पुढच्या शनिवारी आम्ही पापस्वीकारास गेलो. सर्व सांगितले. फादरांनी क्षमा दिली, प्रायश्चित्त दिले आणि शांतपणे म्हणाले की, देवाचे देवाला पोचले. आता हा आकडा ज्यांच्या वहीत आहे त्यांनाही तो खोटा आहे हे कळावे, असे तुला वाटत नाही का? आम्हांस वाटत होते. सिस्टरांच्या कचेरीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. पण ज्या तोंडाने शाबासकी घेतली त्या तोंडाने हे कसे सांगावे? दिवस गेले, सिस्टरांची बदली झाली, आणि तो तक्ता कोठल्याशा कपाटात, ८०, ८४, ८४ आणि १२८ अशा चार आकड्यांसह, बांधून ठेवला गेला. त्या तक्त्यावरून पाहणाऱ्या डॉक्टराला वाटावे की रक्तस्राव दोननंतर एकाएकी झाला. तो तसा झाला नव्हता, हे जाणणारे जगात एकच माणूस होते.

आता पुढचे. आम्ही शिक्षिका झालो, वर्षे गेली, आणि २००५ च्या सुमारास आमच्या शाळेत मननवही आली. आम्हांस मनापासून आनंद झाला. वाटले, आम्हांस १९७४ साली कोणी ही वही दिली असती तर! मोठ्या उत्साहाने पहिल्या चाळीस वह्या तपासावयास घेतल्या आणि दहाव्या वहीशी आमचा उत्साह मावळला. सर्व वह्यांत एकच मुलगी होती. तिला रुग्णाला पाहून फार वाईट वाटे, ती त्याला धीर देई, रुग्ण हसे, आणि या प्रसंगातून ती पुष्कळ शिके. एकीच्या रुग्णाने तर मरता मरता तिचे आभार मानले होते. पाठीमागे दहा गुण होते ना! गुणांसाठी पश्चात्ताप लिहावयास सांगितला की तो असाच साखरेचा होतो. आणि आम्ही काय करीत होतो? तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारीत होतो.

मग आम्ही वर्गात जाऊन जाहीर केले की, ही वही तुमच्यामाझ्यात राहील. तिसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. निःशंकपणे लिहा. फार उदात्त वाटले होते ते सांगताना.

२००९ साली एका मुलीने आमचा शब्द खरा मानला. गरीब घरची, अबोल. तिने लिहिले होते की, प्रसूतीच्या वॉर्डात पहाटे ताप पाहताना तिच्या हातून थर्मामीटर फुटला. शाळेच्या नियमाप्रमाणे फुटलेल्या वस्तूचे पैसे मुलीकडून वसूल होत. तिच्याजवळ पैसे नव्हते, दुसरा मागण्याची छाती नव्हती. म्हणून उरलेल्या चार बाळंतिणींच्या तक्त्यांवर तिने साधारण ताप लिहून टाकला. त्याखाली गिब्स यांच्या सहाही प्रश्नांची उत्तरे होती. पाचव्याचे उत्तर असे: "थर्मामीटर फुटला, हे सांगता आले असते."

आम्ही ती वही मिटली आणि बराच वेळ तशीच मांडीवर ठेवून बसलो. तारीख पाहिली. सहा दिवस झाले होते. चौघींपैकी तिघी अजून वॉर्डात होत्या व बऱ्या होत्या. चौथी बाळंतीण त्याच दिवशी, तक्त्यावर ताप नाही म्हणून, घरी पाठविली गेली होती. बाळंतपणानंतरच्या तापाने किती आया गेल्या आहेत हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. पापस्वीकाराचे गुपित कोणत्याही कारणासाठी फोडता येत नाही. त्यासाठी प्राण देणारे धर्मगुरू होऊन गेले. पण आम्ही धर्मगुरू नव्हतो, आणि ती वही संस्कार नव्हती. जे वचन देण्याचा आम्हांस अधिकारच नव्हता ते आम्ही वर्गापुढे देऊन बसलो होतो.

मुलीला बोलावून आम्ही सांगितले की हे वॉर्डात कळवावेच लागेल. तिचे डोळे आम्हांस अजून दिसतात. "पण मॅडम, तुम्ही म्हणालात..." एवढेच ती बोलली. मग तिला बरोबर घेऊन आम्ही वॉर्ड सिस्टरांकडे गेलो. त्या गावच्या आरोग्य सेविकेस फोन केला. ती त्याच सायंकाळी त्या घरी गेली. बाळंतिणीस दोन दिवस ताप होता आणि घरी काढे चालले होते. रात्रीच तिला परत आणले. आठवडाभर औषधोपचार होऊन ती व तिचे बाळ सुखरूप घरी गेली. खोट्या नोंदींवर आडवी रेघ मारून, शेजारी तारीख घालून मुलीने सही केली. खोडून काढावयाचे नसते, खालचे वाचता आले पाहिजे, असा नियम आहे. मुलीची तीन महिने ड्यूटी वाढली आणि थर्मामीटरचे पैसे कापले गेले.

आम्ही केले ते योग्य होते, याविषयी आमच्या मनात आजही शंका नाही. परंतु त्या दिवसापासून ती मुलगी आमच्याशी कामापुरतेच बोलली, आणि त्या तुकडीच्या सर्व वह्या पुन्हा साखरेच्या झाल्या. आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक बोचते. वॉर्डाकडे जाताना त्या लांब व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. १९७४ ची गोष्ट तिला सांगण्यास तितका वेळ पुरेसा होता. आम्ही ती सांगितली नाही. शिक्षिकेचा आब राखून तिच्या शेजारून चालत राहिलो.

पुढील वर्षापासून आम्ही रीत बदलली. वहीच्या मजकुरावर गुण देणे बंद करविले. वही नियमित लिहिली एवढेच पाहावयाचे. पहिल्याच दिवशी आम्ही मुलींस स्पष्ट सांगत असू की, या वहीत मी काय गुप्त ठेवीन आणि काय ठेवू शकणार नाही. तुमची भीती, रडू, राग, डॉक्टरांविषयीची मते, माझ्याविषयीची सुद्धा, माझ्यापाशी राहतील. पण ज्याने एखाद्या रुग्णास अपाय होईल असे काही असेल, तर ते वहीची वाट न पाहता त्याच घटकेस वॉर्डात सांगावयाचे. आणि मग दोन वाजताच्या नाडीची गोष्ट सांगत असू. पहिल्या वर्षी सांगताना पाणी प्यावे लागले. त्यानंतर आलेल्या वह्यांचे अक्षर वाईट होते, वाक्ये तुटकी होती, पण त्यांत चाळीस निरनिराळ्या मुली होत्या. एकीने लिहिले होते की, बेडपॅन मागणाऱ्या म्हातारीला तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले, कारण ती म्हातारी तिच्या सावत्र आजीसारखी दिसत होती. कोणत्या पाठ्यपुस्तकात हे सापडणार?

बापाची जी भीती, ती मोठमोठ्या देशांतही आहे. इंग्लंडात २०१६ सालापासून परिचारिकेला आपली नोंदणी दर तीन वर्षांनी नवी करताना पाच मननटिपणे लिहावी लागतात आणि दुसऱ्या परिचारिकेशी त्यांवर चर्चा करावी लागते. त्याच देशात २०११ साली लेस्टर शहरी एक सहा वर्षांचा मुलगा रुग्णालयात दगावला. त्याबद्दल एका शिकाऊ डॉक्टरबाईंस २०१५ साली न्यायालयाने दोषी ठरविले; २०१८ च्या आरंभी त्यांचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढावयाचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरविला. त्या वेळी तेथील डॉक्टरांमध्ये बोलवा उठली की त्यांच्या मननवहीतीलच मजकूर त्यांच्यावर उलटविला गेला. वास्तविक ती वही पंचांपुढे आलीच नव्हती. परंतु भीतीला पुरावा लागत नाही. पुष्कळांनी खरे लिहिणे सोडून दिले. त्या मुलाच्या आईबापांचे दुःख या सर्व वादात कितीजणांनी आठवले असेल, असे मात्र आमच्या मनात येते.

तेव्हा त्या बंधूंस आमचे उत्तर असे आहे. तुमच्या कन्येने खरे लिहावे. पण आधी शिक्षिकेला विचारावे की ही वही कोण वाचणार आणि काय झाकून राहणार नाही. जी शिक्षिका "काहीही लिही, सर्व गुप्त राहील" असे सांगते, ती आमच्याच चुकीच्या वाटेवर आहे असे समजावे. रुग्णाचे नाव, गाव, खाट क्रमांक वहीत घालू नये. त्यांचे दुखणे ही त्यांची मालमत्ता आहे. चूक झाली तर प्रथम पाय उचलून वॉर्ड सिस्टरकडे जावे, मग रात्री वही उघडावी. वहीत लिहिले म्हणजे सांगितले, असे मनाला वाटू लागते. फार फसवे असते ते. आणि बापानेही एक करावे. ती वही पुन्हा उघडू नये. मुलगी घरी येऊन, "बाबा, आज माझं चुकलं," असे म्हणाली, तर लगेच "कुणाला सांगू नकोस" असे म्हणू नये. आमच्या खेड्यांतील घरांतून हेच वाक्य प्रथम निघते. आम्ही १९७४ साली सुट्टीत घरी आलो असताना आमच्या आईला सर्व सांगितले होते. तिनेही मायेपोटी हेच सांगितले होते.

गेल्या रविवारी ते बंधू वही परत न्यावयास आले. अंगणात बसून आम्ही त्यांस हे सारे, येथे लिहिले आहे तसेच, सांगितले. चहा निवून गेला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारले, "त्या आजी आहेत अजून?"

"नाही. दहाबारा वर्षांनी वारल्या, असं त्यांच्या गावच्या एकानं सांगितलं. लेक आहे. त्यानंच रक्त दिलं होतं."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

त्यांनी वहीवरचे फाटलेले वेष्टन नीट दुमडले, वही पिशवीत घातली आणि उठताना म्हणाले, "त्या गावाला माझा मेहुणा असतो. गुरुवारी जाणार आहे मी, गाडी घेऊन. येणार असलात तर सकाळी लवकर निघू."

आम्ही येतो म्हणालो.